घरची लँडलाइन बंद करून फक्त मोबाइलवर राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल माणसाचा असतो, लँडलाइन घराची असते. लाइन बंद करताना होणारे बहुतेक घोळ या एका फरकातून येतात. कोपऱ्यातला तो फोन कोणी वापरत नाही असं वाटत असतं, पण घराच्या नावावरची चार-पाच कामं तो गुपचूप करत असतो. ती आधी दुसऱ्याकडे सोपवा आणि मग लाइन कापा. खालची बरीचशी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

लँडलाइन बंद करावीच का?

बहुतेक घरांनी करायला हरकत नाही. प्रत्येक मोठ्या माणसाकडे मोबाइल आहे, सगळ्या खोल्यांत रेंज येते आणि लँडलाइन वाजली की उचलायचा कंटाळा येतो, अशा घरात बिल भरत राहण्यामागे सवयीशिवाय दुसरं कारण उरत नाही. अमेरिकेत ७० टक्क्यांहून जास्त प्रौढ माणसं आता फक्त मोबाइल असलेल्या घरांत राहतात. गंमत म्हणजे हा आकडा दूरसंचार खात्याचा नसून आरोग्य सर्वेक्षणातून आलेला आहे. फोनवरून पाहण्या करणाऱ्यांना लँडलाइन नसलेली माणसं सापडेनाशी झाली, तेव्हा अशी घरं किती आहेत ते मोजणं भाग पडलं.

थांबून विचार करावा तो तीन प्रकारच्या घरांनी: जिथे घरात रेंज धड येत नाही, जिथे आजारी माणसाचं एखादं उपकरण त्या लाइनवर चालतं, आणि जिथे एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला तोच एक फोन नीट हाताळता येतो.

वीज गेली तरी लँडलाइन चालते. मोबाइलचा काय भरवसा?

लँडलाइन ठेवण्याच्या बाजूने सगळ्यांत वजनदार मुद्दा हाच, पण तो तुमच्या फोनला लागू आहे का ते आधी तपासा.

जुन्या तांब्याच्या लाइनवर फोनला लागणारी वीज घरातून येतच नाही. एक्सचेंजमधून सुमारे ४८ व्होल्ट डीसी त्याच दोन तारांवरून येतं, आणि घंटा वाजवायची वेळ आली की तेवढ्यापुरतं ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी सोडलं जातं. एक्सचेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा आणि जनरेटर असतात. म्हणून सगळी गल्ली अंधारात असली तरी साधा वायरवाला फोन वाजतो. त्याला प्लग नसतो तो याचसाठी.

आता तुमच्या घरातला फोन बघा. कॉर्डलेस असेल तर त्याचा तळ घरच्या विजेवर चालतो, म्हणजे वीज गेली की तो मुका. लाइन फायबरवर गेली असेल तर काचेच्या तारेतून वीज येत नाही, त्यामुळे भिंतीवरची ती लुकलुकणारी पेटी बंद पडली की फोनही बंद. शंका असेल तर मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करा आणि रिसीव्हर उचलून कानाला लावा. टोन आला तर तुमची लाइन अजून जुन्या गुणाची आहे. नाही आला, तर ज्या गुणासाठी तुम्ही बिल भरताय तो केव्हाच गेलेला आहे. हे बऱ्याच लोकांना पहिल्या मोठ्या वादळातच कळतं.

मोबाइलची बॅटरी खिशातच असते, ही जमेची बाजू. पण टॉवरचीही बॅटरी असते आणि ती बहुधा काही तासांची. मोठ्या आपत्तीत एकतर टॉवर बसतो, नाहीतर सगळेच एकदम फोन करायला लागल्याने कॉल लागत नाही. अशा वेळी मेसेज बऱ्याचदा जातो, तेव्हा आधी मेसेज करा. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा. सगळं कुटुंब एकाच कंपनीवर असेल आणि त्या कंपनीचं नेटवर्क कोसळलं, तर पाच फोन असूनही फोन नाही अशी अवस्था होते. एक भरलेली पॉवरबँक आणि राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला की बरंचसं काम भागतं.

आणि उलटा मुद्दाही आहेच. जवळपास वीज कडाडत असताना वायरवाल्या फोनवर बोलू नये, तारेतून धक्का येऊ शकतो. मोबाइलला ती भीती नाही, मात्र तो चार्जिंगला लावलेला नको.

आणीबाणीत मोबाइलवरून फोन केला तर आमचा पत्ता त्यांना कळेल का?

कळेल, पण लँडलाइनइतका नेमका कळेलच असं नाही. लँडलाइनचा नंबर एका पत्त्याला बांधलेला असतो. त्यामुळे जिथे आणीबाणीची यंत्रणा त्या नोंदीशी जोडलेली आहे, तिथे बोलणाऱ्याला शब्द फुटला नाही तरी पत्ता समोर दिसतो. मोबाइलच्या बाबतीत यंत्रणेला मिळतो तो अंदाज. नुसत्या टॉवरवरून काढला तर तो मोठ्या परिसराचा असतो, जीपीएस आणि आसपासच्या वाय-फायवरून काढला तर बराच जवळचा. आता बऱ्याच देशांत आणीबाणीचा नंबर लावताच फोन आपणहून ठिकाण शोधून पाठवतो. ही सोय पहिल्यांदा ब्रिटनमध्ये २०१४ साली सुरू झाली.

तरी बहुमजली इमारतीत अडचण राहतेच. नकाशावर ठिपका बरोबर तुमच्या इमारतीवर पडतो, पण मजला कोणता आणि दार कोणतं? म्हणून मोबाइलवरून मदत मागताना पहिल्या वाक्यात पत्ता आणि मजला सांगायचा, काय झालंय ते नंतर. घाबरल्यावर स्वतःचाच पत्ता आठवत नाही, याचा अनुभव अनेकांना आहे. तो ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर किंवा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पाहुण्यांना आणि घरी कामाला येणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो.

वाय-फाय कॉलिंग वापरत असाल तर सेटिंगमध्ये आणीबाणीचा पत्ता भरायला जागा आहे का ते बघा. काही देशांत तो मागतात. तिथे जुन्या घराचा पत्ता राहिला असेल तर मदत तिकडेच जाऊ शकते.

सिम नसलेल्या जुन्या फोनवरून आणीबाणीचा नंबर लागतो म्हणतात, खरं का?

काही देशांत लागतो, काही देशांत मुद्दाम बंद ठेवलेला आहे, कारण असे फोन खोड्या काढायला वापरले जातात. त्या भरवशावर राहू नका. मात्र कुलूप लावलेल्या स्क्रीनवरून आणीबाणीचा कॉल करता येतो. ते बटण कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

घरात एका खोलीतच रेंज येते. काय करायचं?

रेंज सुधारल्याशिवाय लाइन बंद करू नका. जाड काँक्रीट, पत्रा आणि उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेल्या काचा सिग्नल खातात. घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग हा सोपा उपाय. फोन आणि कंपनी दोन्हींनी ती सोय द्यायला हवी, आणि ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते. नाही तर दुसऱ्या कंपनीचं सिम आठवडाभर घरात वापरून बघा, कधीकधी एवढ्यानेच प्रश्न सुटतो. बाजारात मिळणारे सिग्नल वाढवणारे बूस्टर परस्पर लावू नका. अनेक देशांत ते परवानगीशिवाय बेकायदा आहेत आणि शेजाऱ्यांच्या नेटवर्कमध्ये अडथळा आणतात.

मोबाइलवर आवाज लँडलाइनसारखा येत नाही, हा भास आहे का?

भास नाही, पण आता गोष्ट तेवढी सरळही राहिलेली नाही. लँडलाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवते. चांगल्या ४जी कॉलवर, दोन्ही टोकांना सोय असेल तर, ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. म्हणजे स्पष्टतेत नवा मोबाइल पुढे आहे. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक फोनवर कळायला लागतो तो यामुळेच.

मोबाइल हरतो तो वेळेत. आवाजाचे तुकडे करून पाठवण्यात आणि जोडण्यात सेकंदाचा छोटासा अंश जातो, आणि तेवढ्यानेच दोघे एकदम बोलायला लागतात, मग दोघेही थांबतात, ‘हां, बोला बोला’ म्हणतात आणि पुन्हा एकदम सुरू होतात. दुसरं म्हणजे जुन्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज आपल्याला हलकासा ऐकू येत असतो, त्यामुळे माणूस बेताने बोलतो. मोबाइलवर तो पुरेसा ऐकू येत नाही, म्हणून लोक ओरडतात. तासभर निवांत गप्पा मारायला वायरवाला रिसीव्हरच बरा, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

तोच नंबर मोबाइलवर नेता येतो का?

देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत २००३ पासून लँडलाइनचा नंबर मोबाइलवर नेता येतो. जिथे लँडलाइन आणि मोबाइलच्या नंबरांची रचनाच वेगळी ठेवलेली आहे, तिथे बहुधा येत नाही. काही ठिकाणी मधला मार्ग असतो: नंबर इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनसेवेकडे न्यायचा आणि तिथून कॉल मोबाइलवर वळवायचे.

नंबर न्यायचा असेल तर एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आधी लाइन बंद करायला सांगू नका. नंबर चालू असतानाच तो दुसरीकडे नेता येतो. बंद झालेला नंबर कंपनीकडे परत जातो आणि तो मिळवायला नंतर कितीही हेलपाटे घातले तरी हमी नसते. नव्या कंपनीकडे अर्ज करायचा, नंबर तिकडे चालू झाला की जुनी सेवा बंद.

इंटरनेट त्याच लाइनवर आहे. मग?

मग फोन बंद करताना इंटरनेटही बंद पडू शकतं. डीएसएल ब्रॉडबँड त्याच तांब्याच्या तारांवरून येतं. काही कंपन्या फोनशिवाय नुसतं ब्रॉडबँड देतात, काही देत नाहीत. फायबर किंवा केबल असेल तर अडचण येत नाही, फक्त पॅकेज तपासा. फोन आणि इंटरनेट मिळून घेतल्याची सूट असते आणि फोन काढल्यावर नुसतं इंटरनेट जवळपास तेवढ्यालाच पडतं, असंही होतं. तसं असेल तर फोन पडून राहू द्या, काढून फायदा काय?

फोनशिवाय आणखी काय काय त्या लाइनला जोडलेलं असू शकतं?

वायर सॉकेटपासून हाताने चाचपत जा. कुठे दुहेरी पिन लावून एक फाटा वळवलेला असतो, कुठे कपाटामागून बारीक वायर गेलेली असते. सापडतात त्या गोष्टी अशा: चोरीचा अलार्म, गेटवरचा इंटरकॉम, फॅक्स, आजारी माणसाच्या गळ्यातल्या, मदत मागायला दाबायच्या बटणाचा तळ, हृदयात पेसमेकर बसवलेल्यांच्या उशाशी असणारं देखरेखीचं यंत्र. यांतली जुनी उपकरणं स्वतः नंबर फिरवून पलीकडे खबर देतात. लाइन गेली की ती गप्प बसतात, आणि गप्प बसलीत हे कोणाला कळत नाही.

गळ्यातल्या बटणाचा प्रश्न किरकोळ नाही. ब्रिटनमधलं जुनं टेलिफोन नेटवर्क २०२५ च्या शेवटी बंद व्हायचं होतं, ते पुढे ढकलून ३१ जानेवारी २०२७ केलं गेलं, आणि त्यामागचं मोठं कारण अशा बटणांवर विसंबून असलेली माणसं हेच होतं. तुमच्या घरी असं काही असेल तर उपकरण देणाऱ्याला विचारून सिमवर किंवा इंटरनेटवर चालणारं मॉडेल घ्या, बटण दाबून कॉल खरोखर जातो का ते पाहा आणि मगच लाइनला हात लावा. नवं घेतानाही ते कोणत्या नेटवर्कवर चालतं ते विचारा. अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०२२ अखेरपर्यंत ३जी बंद केलं, आणि त्यावर चालणारे अलार्मही त्याबरोबर गेले.

फॅक्स मोबाइलवरून धड जात नाही, मोबाइलची यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी बेतलेली आहे. लागतच असेल तर इंटरनेट फॅक्स वापरा.

आई-वडील मोबाइल वापरायला तयार नाहीत. समजवायचं कसं?

आधी त्यांना नक्की कशाची अडचण आहे ते बघा. बहुतेकदा विरोध मोबाइलला नसतो, गुळगुळीत काचेला असतो. बोट कोरडं असलं की स्पर्श लागत नाही, हात थरथरला की दोन बटणं दाबली जातात, आलेला कॉल उचलायला सरकवायचं की दाबायचं हे फोनगणिक बदलतं. रिसीव्हर उचलला की कॉल सुरू, ठेवला की बंद, यापेक्षा सोपी रचना अजून कोणी काढलेली नाही.

म्हणून सिमवर चालणारा टेबलफोन बघा. दिसायला तो हुबेहूब लँडलाइन: मोठी बटणं, वळणावळणाची वायर, तीच जागा. आत सिम आणि वीज गेल्यावर काही तास चालणारी बॅटरी. दुसरा पर्याय, ब्लूटूथने मोबाइलला जोडला जाणारा कॉर्डलेस संच. मोबाइल एका जागी चार्जिंगला राहतो आणि कॉल आला की सगळ्या खोल्यांतले हँडसेट वाजतात. कानाला यंत्र असेल तर फोन त्याच्याशी जुळतो का ते दुकानातच कानाला लावून पाहा.

ज्यांची स्मरणशक्ती खालावत चालली आहे, त्यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: फोन बदलू नका. वर्षानुवर्षं फिरवलेला एक नंबर त्यांच्या बोटांत बसलेला असतो. त्या बिलात बचत करायची नसते.

मुलं घरी एकटी असताना?

घरातून बाहेर न जाणारा एक साधा मोबाइल ठेवा. ठरलेल्या जागी, चार्जरवर, कुलूप न लावलेला. तो कोणाचाही नाही, घराचा. लहान मुलांना दोन नंबर तोंडपाठ करायला लावा, कारण नावावर बोट ठेवून फोन करणाऱ्या पिढीला आईचाही नंबर येत नसतो.

त्या सिमवरून अधूनमधून कॉल करत राहा आणि त्याची वैधता सांभाळा. फार दिवस न वापरलेलं सिम कंपनी बंद करते आणि नंबर दुसऱ्याला देऊन टाकते.

आता ‘घरी’ फोन करायचा म्हणजे कोणाला?

याचं तांत्रिक उत्तर वर आलं, घराचा मोबाइल. पण विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा दुसरंच असतं. लँडलाइनवर ज्याला फोन आला त्याच्याशी बोलण्याआधी ज्याने उचलला त्याच्याशी दोन वाक्यं व्हायची. मावशीचा फोन आईसाठी असायचा, पण परीक्षेचं तिला आपण सांगायचो. मोबाइलने ही मधली माणसं काढून टाकली. यावर कुठल्या सेटिंगमध्ये उपाय नाही. आईला आलेला कॉल स्पीकरवर टाकून घरात फिरवणारी कुटुंबं आहेत, तेवढंच.

बँक आणि इतर ठिकाणी दिलेल्या नंबरचं काय?

सगळ्यांत चिवट काम हेच. बँक, विमा, डॉक्टर, शाळा, वीज आणि गॅस कंपनी, पासपोर्टचे कागद, कुठल्याशा वॉरंटी कार्डावर वीस वर्षांपूर्वी लिहिलेला नंबर. बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि बँक खात्यावरची खात्री करणारा कॉल मग त्याच्या घरी वाजू शकतो. यादी आठवून करू नका. महिना-दोन महिने लँडलाइनचे कॉल मोबाइलवर वळवा आणि कोणाकोणाचे येतात ते लिहीत जा. ज्यांचा विचारही केला नव्हता असे दोघं-तिघं त्यात हमखास निघतात.

फसवे आणि विक्रीचे कॉल कमी होतील?

लँडलाइनवरचे संपतील, मोबाइलवरचे आहेत तेवढे राहतील. एवढंच की मोबाइलवर नंबर दिसतो, अडवता येतो आणि अनोळखी कॉल गप्प करता येतो. जुन्या फोनवर उचलल्याशिवाय काहीच कळत नाही, आणि फसवणारे वयस्कर माणसं गाठायला लँडलाइन वापरतात ते त्यामुळेच.

मोबाइलच्या रेडिएशनचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं, म्हणजे पुरावा मर्यादित आहे पण शक्यता फेटाळलेली नाही. मन खात असेल तर इअरफोन किंवा स्पीकर वापरा. कॉर्डलेस फोनही रेडिओलहरींवरच चालतो, हे मात्र लक्षात असू द्या.

बंद करायची प्रक्रिया काय असते?

लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं फोनवर सांगून थांबू नका. करार संपायला किती दिवस आहेत, अनामत रक्कम परत मिळते का, मोडेम किंवा फोनचं यंत्र परत करायचं आहे का, हे विचारून घ्या. यंत्र परत केल्याची पावती जपून ठेवा. खात्यातून आपोआप कापलं जाणारं बिल शेवटचं देयक चुकतं झाल्यावरच थांबवा, आधी थांबवलं तर थकबाकी दिसते आणि नोटिसा सुरू होतात. ‘हा नंबर बदलला आहे’ असं सांगणारी ध्वनिफीत काही महिने ठेवायची सोय कंपनी देत असेल तर घ्या.

भिंतीतल्या वायरी काढाव्यात का?

गरज नाही. पण त्याच वायरिंगवर इंटरनेट फोनचा अ‍ॅडॉप्टर लावून खोल्याखोल्यांतले फोन चालवायचे असतील, तर बाहेरून येणारी लाइन आधी पूर्ण तोडून घ्या. दोन्हीकडून व्होल्टेज आलं तर अ‍ॅडॉप्टर जळू शकतो. चकती फिरवायचा जुना फोन अशा अ‍ॅडॉप्टरवर बहुधा कॉल घेतो पण लावू शकत नाही, कारण त्याचे ठोके अनेक अ‍ॅडॉप्टरना समजत नाहीत.

पश्चात्ताप झाला तर लाइन परत मिळेल?

तांब्याची लाइन असेल तर मिळणार नाही असं धरूनच चाला. कंपन्या ते जाळं गुंडाळत आल्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी नवी जोडणी देत नाहीत. मिळाली तर ती फायबरवरची असेल, वेगळ्या नंबराची, आणि वीज गेल्यावर बंद पडणारी. म्हणून तुमच्याकडे जुनी लाइन असेल आणि मन पक्कं होत नसेल, तर कॉल मोबाइलवर वळवून एक पावसाळा काढा आणि मग ठरवा.